परतीच्या वेळेला माझा जाहीर विरोध

४ जानेवारी, सकाळ

आजपासून रोजनिशी. कुणी वाचावी म्हणून नाही. मोठ्या मोहिमांच्या नेत्यांनी रोजनिशा लिहिल्या म्हणून त्यांचे विचार आपल्यापर्यंत पोचले. माझे विचार सगळ्यांपर्यंत आधीच पोचलेले आहेत, पण तरी.

काल गिर्यारोहण मंडळाच्या बैठकीत मोहिमेचा नेता म्हणून माझी निवड झाली. निवड म्हणजे मी बोलायला उभा राहिलो आणि बोलणं संपलं तेव्हा कुणात विरोध करायचं त्राण उरलं नव्हतं. हिमालय. सहा हजार मीटरच्या वरचं शिखर. मे महिन्यात प्रयाण.

चमू चौघांचा. मी. माझी मुलगी, जिने गिर्यारोहणाचे दोन्ही कोर्स केलेत आणि बर्फावर दोनदा जाऊन आली आहे. कोपऱ्यावरचा बेकरीवाला, जो त्यातल्या एका वेळी तिच्याबरोबर होता. आणि एक डेंटिस्ट, मोहिमेचा डॉक्टर म्हणून. बायको इस्पितळात कॅज्युअल्टीला नर्स आहे. तिने विचारलं, कुणी कड्यावरून पडलं तर हा आधी दाढ तपासणार का. मी उत्तर दिलं नाही. नेत्याने प्रत्येक टोमण्याला उत्तर देत बसायचं नसतं.

मी स्वतः बर्फावर गेलेलो नाही. पण घरात तीन कपाटं भरून हिमालय आहे आणि तो सगळा मी चढलोय, काही ठिकाणी पेन्सिलने खुणा करत.

संकल्प: पहाटे पाचला उठणे. पाठीवर ओझं घेऊन जिने. साखर बंद.

५ जानेवारी

पाचला उठलो. गजर बंद केला. साडेसातला परत उठलो. एका सकाळी दोनदा उठणं हे काही कमी नाही. साखर उद्यापासून. डबा अर्धा भरलेला आहे, वाया कशाला घालवायची.

११ जानेवारी

सॅकमध्ये कोशाचे जाडजूड खंड भरून जिना सुरू. इमारत सहा मजली, आम्ही दुसऱ्यावर. चौथ्या मजल्यावर उजवा गुडघा बोलला. अभ्यास असा सांगतो की डोंगरात बहुतेक अपघात उतरताना होतात. तेव्हा खरा सराव उतरण्याचा. यापुढे लिफ्टने वर, जिन्याने खाली.

१३ जानेवारी

उतरताना गुडघा जास्त बोलतो. सध्या लिफ्टने वर, लिफ्टने खाली. ओझं पाठीवर आहेच.

१९ जानेवारी

बैठक आमच्याच घरी. जेवणाच्या टेबलावर शिखराचा नकाशा पसरून वर जाड प्लॅस्टिक घातलंय, म्हणजे घर चोवीस तास मोहिमेत राहील. बायको म्हणते, हिमनदीवर ताट ठेवायची तिला सवय नाही.

पहिला वाद. मुलीने परतीची वेळ काढली. शिखरावर जायच्या दिवशी एक वेळ आधी ठरवायची, दुपारी एक. घड्याळात एक वाजला की असाल तिथून मागे फिरायचं. शिखर हाताच्या अंतरावर असलं तरी. कारण दुपारनंतर हवा बिघडते आणि उतरायला लागणारी ताकद चढण्यात संपलेली असते.

मी म्हटलं, हे मला मान्य नाही. परत फिरायची वेळ ठरवून निघालेला माणूस मुळात निघालेलाच नसतो, त्याचं अर्धं मन घराच्या पायरीवर बसलेलं असतं. इतिहासात ज्यांनी काही केलं त्यांनी घड्याळ बघून केलं नाही. बेकरीवाला म्हणाला, काका, आमच्याकडे घड्याळ बघितलं नाही तर इतिहास काळा होऊन भट्टीतून बाहेर येतो. सगळे हसले. डेंटिस्टही हसला, जो कधी हसत नाही.

विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. आराखड्यातून मी 'परतीची वेळ' ही ओळ खोडून ठेवली आहे.

२८ जानेवारी

आज रात्रंदिवसाच्या अभ्यासाचं फळ. कॅम्प दोनसाठी नामी जागा सापडली. नकाशावर उताराच्या मधोमध अगदी गोल, सपाट, सुरक्षित पठार, कुणाच्याच लक्षात न आलेलं. बेकरीवाल्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, काका, तुमच्या पठाराला नाव देऊन टाका.

मुलगी संध्याकाळी आली. तिने प्लॅस्टिक उचलून ओल्या फडक्याने पठार पुसलं. चहाच्या कपाचा गोल डाग होता, प्लॅस्टिक घालायच्या आधी पडलेला. पूर्ण गेला नाही, पण फिका झाला. मी म्हटलं, तुझं लक्ष आहे का ते बघत होतो. ती म्हणाली, बाबा, माझं लक्ष असतं. मग ती जरा वेळ नकाशाकडे बघत गप्प बसली. तिचं गप्प बसणं मला अलीकडे समजत नाही. माझ्यावर गेलेली असती तर बोलली असती.

६ फेब्रुवारी

थंडीचा सराव म्हणून गॅलरीत झोपायला सुरुवात. सकाळी आतल्या गादीवर जागा झालो, अंगावर बायकोची शाल. झोपेत माणूस काय करतो त्याला त्याचा इलाज नसतो.

ऑफिसात एक क्लेम नामंजूर केला. गृहस्थ डगमगणाऱ्या शिडीवर चढले, खालून शेजारी उतरा उतरा म्हणत होता, हे ऐकेनात, पडले. विम्याच्या नोकरीत माणसाच्या अहंकाराचे नमुने बघायला मिळतात. कडक शेरा लिहिला. साहेबांनी भाषेचं कौतुक केलं.

१६ फेब्रुवारी

उद्या सराव चढाई. शहराबाहेरच्या डोंगराची दगडी धार. दोर, हार्नेस, हेल्मेट, सगळं खऱ्यासारखं. मुलीने उद्यापुरती परतीची वेळ ठरवली, दोन. मी हो म्हटलं. हो म्हटलं म्हणजे मान हलवली. मान मी बऱ्याच गोष्टींना हलवतो.

बायकोने डबे भरून दिले आणि मला एवढंच म्हणाली, अहो, पोरगी तुमच्या दोराला असणार आहे. मी म्हटलं, म्हणूनच काळजी नको.

१७ फेब्रुवारी

चढाई यशस्वी. तपशील उद्या. बोटं दुखतायत.

१८ फेब्रुवारी

तपशील.

डेंटिस्ट आणि बेकरीवाला एका दोरावर, मी आणि मुलगी दुसऱ्या. शेवटच्या टप्प्याच्या जरा खाली असताना डेंटिस्टने घड्याळ बघितलं आणि म्हणाला, सर, दोन. जसा पेशंटला थुंका म्हणतो तसं. ते दोघं वळले. मुलगी म्हणाली, बाबा, फिरू या. मी म्हटलं, हे काय, माथा दिसतोय, दहा मिनिटं. ती खाली उभी राहून माझा दोर सांभाळत होती. मी वर गेलो. चढता चढता तिला समजावत होतो की जगात दोन प्रकारची माणसं असतात.

वाक्याच्या मध्येच पायाखालचा दगड सुटला. अशा वेळी 'दगड' म्हणून ओरडायचं असतं, खालच्याला कळावं म्हणून. मी ते ओरडणार होतो, आधी वाक्य संपवून.

खाली ठक्क असा आवाज झाला. मग काही नाही. वारा. मी हाक मारली. मग तिचा आवाज आला, मी ठीक आहे, हलू नका.

मी हललो नाही. मला हलायचंच नव्हतं. किंबहुना मला हलता येत नव्हतं, त्याचं कारण थंडी. धुकं वर आलं. पाय शिलाई मशीनसारखे हलत होते, ते मात्र आपोआप. ती माझ्यापर्यंत चढून आली, मला बांधलं आणि इंचाइंचाने खाली सोडलं. सगळा वेळ ती एकच शब्द म्हणत होती. पाय. पाय. पाय. म्हणजे पुढचा पाय कुठे ठेवायचा ते. लहानपणी तिला चालायला शिकवताना मीही असंच म्हणत असेन, आठवत नाही.

खाली पोचलो तेव्हा अंधार पडला होता. डेंटिस्ट आणि बेकरीवाला बॅटऱ्या घेऊन अर्ध्या वाटेवर आले होते. कुणी काही बोललं नाही. बहुधा भारावले होते.

माथ्याला हात लागला नाही, पण माझ्या अंदाजाने आम्ही थांबलो तो दगड माथ्याहून उंच होता.

१९ फेब्रुवारी

मुलीच्या हेल्मेटला तडा गेलाय. वरपासून कानापर्यंत, केसाएवढा. दारापाशी बुटांच्या मांडणीवर ठेवलं होतं. बायकोने ते उचलून टेबलावर आणून ठेवलं, नकाशाच्या बरोबर मधोमध. सगळ्यांनी हेल्मेटच्या कडेकडेने चहा प्यायला. मी म्हटलं, अलीकडे मालाचा दर्जाच राहिला नाही. बायको म्हणाली, या मालाने त्याचं काम केलं. पुढे म्हणाली, हेल्मेट नसलेली डोकी माझ्याकडे येतात, त्यांना मी रोज बघते. आणि ड्यूटीला निघून गेली.

अंघोळीच्या वेळी सवयीने मनातल्या मनात हा क्लेम तपासायला घेतला. 'अपघाताचं कारण' या रकान्यापर्यंत आलो. पाणी गार झालं होतं.

२३ फेब्रुवारी

मंडळाची बैठक. परतीच्या वेळेवर निकाल लावायचा म्हणून मी जय्यत तयारीने गेलो. पाऊण तास बोललो. असा बोललो की मलाच शहारे आले. सांगितलं, मागे फिरणाऱ्यांची नावं डोंगर लक्षात ठेवत नाही. सांगितलं, माणसाला पाठ दिली आहे ती ओझं वाहायला, दाखवायला नव्हे. टाळ्यांचा कडकडाट. बेकरीवाल्याने डोळे पुसले.

मग डेंटिस्ट उठला आणि म्हणाला, सरांचं भाषण फार छान झालं, तर आता नेतेपद सरांच्या मुलीकडे द्यावं असं वाटणाऱ्यांनी हात वर करावेत. नेमका त्याच वेळी चहाचा ट्रे आत आला. 'छान झालं'च्या पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. सगळीकडे हात वर दिसले. चहा कुणाकुणाला पाहिजे ते विचारतायत असं समजून मीही हात वर केला.

ठराव एकमताने मंजूर.

मुलीने हात वर केला नव्हता. ती खाली बघत होती. माझ्या हाताकडे बघून मग तिने वर केला.

२४ फेब्रुवारी

विचार केला तर ही माझीच चाल होती. नेत्याला हिशेब, तंबू, दोर असल्या फुटकळ गोष्टींत अडकावं लागतं. मी मुख्य सल्लागार. हे पद मीच सुचवलं, ते लगेच मान्य झालं, कुणी शब्द काढला नाही. बेस कॅम्पवरून मोहिमेची बौद्धिक बाजू सांभाळणार.

परतीची वेळ आराखड्यात परत आली आहे. दुपारी एक. मुलीने पेनने लिहिली, पेन्सिलने नाही.

१४ मार्च

गुडघ्याच्या डॉक्टरांकडे. त्यांनी एक्सरे खिडकीला धरून बघितला, मग माझ्याकडे बघितलं, मग परत एक्सरेकडे. म्हणाले, बेस कॅम्पपर्यंतसुद्धा कशाला. मी त्यांना इच्छाशक्तीविषयी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बाहेरच्या पेशंटला आत बोलावलं.

२ एप्रिल

स्वयंपाकघरात मुलगी ड्रायफ्रूटच्या पिशव्या बांधत होती, प्रत्येक दिवसाची वेगळी. मी सांगितलं की गुडघ्याचं काही नाही, बेस कॅम्पला मी येणारच. ती बराच वेळ गाठी मारत राहिली. मग म्हणाली, बाबा, तुम्ही खाली असलात तर माझं सगळं लक्ष खाली राहील. तुम्ही उठून वर यायला निघालात की काय, हेच मी बघत बसेन.

मला समजलं. माझी सावली फार मोठी पडते, तिला तिचं तिचं काही करून दाखवायचंय. त्याग करावा लागला. बेस कॅम्प सांभाळायला बेकरीवाला राहील. त्याची जागा डोंगरावर घ्यायला डेंटिस्टचा बर्फावर जाऊन आलेला मावसभाऊ येतोय. मी घरचा संपर्क. म्हणजे बेस कॅम्पवरून फोन येणार तो मला. मोहिमेची सगळी सूत्रं एका अर्थी माझ्याच हातात.

बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, बरं झालं. सांत्वन करायची तिची ही रीत आहे.

१९ मे

मंडळाच्या सभागृहात निरोप समारंभ. मुख्य सल्लागार म्हणून समारोपाचं भाषण माझं. लोक दाटीवाटीने उभे होते. आयुष्यातलं सर्वोत्तम भाषण. शेवटी मुलीकडे वळलो, आवाज खाली आणला आणि म्हटलं, पोरी, शिखर घेतल्याशिवाय येऊ नकोस. आलीस तर या बापाच्या घराचं दार तुला उघडणार नाही.

छप्पर उडेल अशा टाळ्या. डेंटिस्ट टाळ्या वाजवत नव्हता, पण त्याच्या हातात पाण्याचा ग्लास होता. मुलगी हसली. तोंडाने हसली.

परत येताना रिक्षात बायको पूर्ण वेळ बाहेर बघत होती.

२० मे

सकाळी चहा ठेवता ठेवता बायको बोलली. म्हणाली, अहो, तुमच्या भाषणाला बाकीचे टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन जेवतात. ही एकटी आहे जी लहानपणापासून ते खरं मानते. तुम्ही म्हणालात पोहायला भीती कसली, तर हिने खोल पाण्यात उडी मारली होती, आठवतं ना. वर गेल्यावर एक वाजेल आणि शिखर समोर असेल, तेव्हा हिला दार आठवणार. आज जा आणि तिला सांगा की मागे फिरायचं.

मी म्हटलं, तो अलंकार होता. ती म्हणाली, तिला सांगा अलंकार होता म्हणून.

मुलीच्या खोलीत गेलो. ती सॅक भरत होती. बर्फासाठी बुटांखाली बांधायच्या क्रॅम्पॉनचे दात टॉवेलमध्ये गुंडाळत होती. बोलायला तोंड उघडलं. तीन वाक्यं तयार होती, तिन्ही चांगली होती, पण कुठलं आधी घ्यावं ते ठरेना. तिने वर बघितलं, म्हणाली, काय बाबा. मी म्हटलं, मोजे कोरडे ठेव.

२१ मे

बस सुटताना पुन्हा प्रयत्न. खिडकीपाशी उभा राहिलो. इंजिनाचा आवाज फार होता. त्या आवाजात मुद्देसूद बोलणं अशक्य. तिने काचेतून हाताने विचारलं, काय. मी पायाकडे बोट दाखवून मोज्यांची खूण केली. ती हसली, या वेळी खरी.

फोन करता येईल. वाटेतल्या शेवटच्या गावातून तिचा येईलच.

२४ मे

आला. बायकोशी बोलली. मी आंघोळीला होतो. यापुढे फक्त बेस कॅम्पचा सॅटेलाइट फोन, तोही बेकरीवाल्याकडे. वर गेलेल्यांशी त्याचा वायरलेस.

१ जून

बेकरीवाल्याचा फोन. दोन शब्दांमध्ये मोठी पोकळी. सगळे ठीक. कॅम्प एक लागला. डेंटिस्टची भूक गेली आहे, डोकं दुखतंय, विरळ हवेचं नेहमीचंच. मुलीने त्याला एक दिवस खाली आणून आराम दिला. एक अख्खा दिवस वाया. मी नेता असतो तर त्याच्याशी बोललो असतो.

मी विचारलं, मुलगी माझ्याविषयी काही म्हणाली का. तो म्हणाला, काका, मोजे कोरडे आहेत असं सांगायला सांगितलंय.

५ जून

कापडी बॅनर तयार करून घेतला. 'शिखरविजयी वीरांचं स्वागत.' तयारी वेळेत हवी.

बायको हल्ली टेबलावर नकाशाच्या बाजूला बसते, नेहमीच्या खुर्चीवर नाही. बोट ठेवून विचारते, आता इथे असतील का. कॅम्प दोनपाशी चहाचा फिका डाग अजून आहे. तिचं बोट त्यावर थांबलं की मी उठून भिंतीवरच्या घड्याळाची वेळ लावतो. ते मागे पडतं.

८ जून, सकाळी नऊ

आज शिखराचा दिवस. पहाटेपूर्वीच निघालेत. तिघं एका दोरावर, पुढे मुलगी. हवा स्वच्छ. बेकरीवाल्याला दुर्बिणीतून ठिपके दिसतात. बायकोने ड्यूटी बदलून घेतली. युनिफॉर्म घालून बसली आहे, तो घातल्यावर ड्यूटी बदलली असावी.

बाराला वीस कमी

ठिपके शेवटच्या उताराखाली. संथ. बर्फ मऊ झालाय, पाय गुडघ्यापर्यंत रुततात. हा आठवडा हवेचा शेवटचा चांगला आठवडा, असं हवामानवाले म्हणतात. म्हणजे आज किंवा नाही.

एक

एक वाजला. भिंतीवरचं घड्याळ आणि माझ्या हातातलं, दोन्हीत.

एक वाजून वीस

फोन नाही. मीच लावला. बेकरीवाला म्हणाला, ढग आलेत, ठिपके दिसत नाहीत. शेवटचे दिसले तेव्हा वर होते. वर म्हणजे कुठे. म्हणाला, काका, वरच. वायरलेसला उत्तर नाही. बॅटऱ्या थंडीने बसतात, असं होतं, म्हणाला. तो विनोद करत नव्हता. बेकरीवाला विनोद करत नाही हे मी पहिल्यांदा ऐकलं.

दोन

बायको हेल्मेट घेऊन आली. ते तडा गेलेलं, मुलगी नवीन घेऊन गेली आहे. पदराने पुसतेय. मला काही बोलत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं.

सवा दोन

तीन कपाटांतलं एक पुस्तक काढलं, धीर यावा म्हणून. ज्या पानावर मी ठळक रेघ मारून ठेवली होती तिथे उघडलं. मागे न फिरलेल्या माणसांचं प्रकरण. मी समासात 'वा' लिहिलंय. त्यांच्यातलं कुणीच खाली आलेलं नाही. हे मी वाचलं होतं, पण असं वाचलं नव्हतं. पुस्तक परत ठेवलं, उलटं.

तीन

फिर. फिर बाई. पाय. पाय. पाय.

हे कागदावर कसं आलं माहीत नाही. खोडायचं आहे.

चार वाजून पाच

फोन. बेकरीवाला आधी नुसता श्वास घेत होता. मग म्हणाला, आले. कॅम्प दोनला. तिघंही.

एकला मागे फिरले. शिखर समोर होतं, दोन-तीन दोरांच्या अंतरावर. मावसभाऊ म्हणाला अर्धा तास, डेंटिस्ट बर्फात बसून रडला. तिने घड्याळ दाखवलं आणि दोर उलटा फिरवला. अर्ध्या तासात हवा अशी फिरली की स्वतःचे हात दिसेनात. वर गेले असते तर त्या उतारावर अडकले असते, बेकरीवाला म्हणाला.

वायरलेसवर मुलगी आहे, फोन जवळ धरतो, म्हणाला. खरखर. मग तिचा आवाज, इवलासा. म्हणाली, बाबा, दार उघडणार ना.

लाइन खराब होती. त्या बाजूने नाही, या बाजूने. मला बोलता येईना म्हणून बायकोने माझ्या हातातून फोन घेतला आणि ती जे बोलली ते दोन शब्दांचं होतं. ये, बाळ.

९ जून

शांत मनाने विचार केला. परतीच्या वेळेचं महत्त्व मी सुरुवातीपासून ओळखून होतो. माझा विरोध हा तात्त्विक होता. वाद घातल्याशिवाय तरुणांच्या मनात गोष्ट पक्की बसत नाही. एका अर्थी ती वेळ मीच तिच्या मनात बसवली.

बायकोला हे सांगितलं. ती बराच वेळ हसली. हसता हसता रडली, मग ड्यूटीला गेली.

दोन दिवसांनी मंडळात या विषयावर बोलावं म्हणतो.

१९ जून

आज घरी येणार. बस संध्याकाळी पाचची. बायको ड्यूटीवर, किल्ली तिच्याकडे. दुसरी घरात खुंटीला. बॅनर असा दुमडला की फक्त 'स्वागत' दिसावं. इस्त्री केलेला सदरा. आज दार सताड उघडं ठेवून मी स्वतः उंबऱ्यात उभा राहणार, आणि त्या वाक्याबद्दल जे बोलायचं राहिलंय ते बोलणार. भाषण नाही. एकच वाक्य. पाठ केलंय.

१९ जून, संध्याकाळ

बस लवकर आली. तीनलाच खाली रिक्षाचा आवाज झाला. गॅलरीतून बघितलं, ती सॅक काढत होती, उन्हाने काळी पडलेली, नाकाची सालं निघालेली. मी बॅनर घेऊन तसाच घरच्या सपातांवर खाली धावलो. लिफ्ट वरच्या मजल्यावर होती, म्हणून जिन्याने. गुडघा बोलला नाही.

अर्ध्या जिन्यावर मागे दार वाऱ्याने लागल्याचा आवाज आला. लॅच. किल्ली खुंटीला.

मी फाटकापाशी उभा राहून तिला वस्तुस्थिती सांगितली. ती माझ्याकडे बघत राहिली. सपातांकडे, बॅनरकडे. म्हणाली, म्हणजे बाबा, खरंच दार उघडणार नाही.

पाठ केलेलं वाक्य आठवलं नाही. मी म्हटलं, तुझी आई आठला येईल. ती म्हणाली, मला आंघोळ करायचीय.

तिने सॅकमधून दोर काढला. पहिल्या मजल्यावरच्यांना विचारून त्यांच्या गॅलरीत गेली, तिथून आमच्या कठड्याला दोर टाकला. मी खाली उभा राहून दोर कुठे अडकवावा ते सांगत होतो. तिने दुसरीकडे अडकवला. तो तिथेच अडकवायला हवा होता, हे नंतर माझ्या लक्षात आलं. शेजारचे सगळे खिडक्यांत. मी त्यांना समजावून सांगत होतो की ही प्रात्यक्षिकाची पद्धत आहे. तेवढ्यात ती कठड्यावरून आत गेली.

मी जिना चढून दारापाशी आलो. श्वास लागला होता. दार बंदच. आतून तिने विचारलं, कोण आहे.

मी म्हटलं, मोहिमेचा मुख्य सल्लागार.

आत काही हालचाल झाली नाही. नळ सुरू झाल्यासारखा वाटला. मी बॅनर खाली ठेवला. बॅनरची घडी सुटली आणि 'शिखरविजयी' वर आलं, ते पायाने झाकलं. परत दार वाजवलं.

मी म्हटलं, बाबा.

मग कडी निघाली. म्हणाली, बाबा असतील तर या.